साडूच्या कोनात

ज्या माणसाने सारा जन्म कागदावर उतार काढले, त्याला खऱ्या उतारावरून एकदा खाली यायला अख्खा हिवाळा लागला. ही हकिगत त्याच्या इमारतीत अजून सांगतात. सांगताना वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर स्वतःचा वाटा तेवढा गाळतात, आणि खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी दुसऱ्यांचाही वाटा स्वतःकडे घेतात. म्हणून ती एकदा नीट सांगायला हवी.

त्यांना सगळे मिलिमीटरकाका म्हणत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. शहरातला नळ न् नळ त्यांच्या पेन्सिलीखालून गेलेला. निवृत्त होताना कचेरीने त्यांना घड्याळ दिले, ते त्यांनी भिंतीवर लावले. पण आपला जुना पितळी कोनमापक त्यांनी साहेबांकडून मागून घेतला, आणि तो उशाशी ठेवला. घरात एखादे चित्र टांगायचे झाले तर काका आधी भिंतीचा मध्य काढत, मग भिंतच वाकडी आहे असे सिद्ध करत, आणि चित्र कपाटामागे जाऊन उभे राही. कपाटामागे आता चांगले प्रदर्शन भरले होते. काकूंनी यापुढे हात टेकले होते.

काकूंचे मात्र वेगळेच सुरू झाले होते. शहराबाहेरच्या टेकडीवर बर्फ पडला की दर रविवारी त्या धाकट्या बहिणीबरोबर आणि बहिणीच्या नवऱ्याबरोबर स्नोबोर्डवरून घसरायला जात. म्हणजे एका लांब फळीवर दोन्ही पाय जखडून घ्यायचे, आडवे उभे राहायचे आणि डोंगरावरून खाली यायचे. काकांच्या मते ही गोष्ट पाण्याने करायची होती, माणसाने नव्हे. पण काकू संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांचे गाल लाल झालेले असत आणि त्या जिन्यातूनच हसत येत. काका दार उघडत, आणि आपण नसताना झालेल्या विनोदावर हसावे की नाही ते त्यांना कळत नसे.

एका रविवारी काकू बुटांचे बंद सोडता सोडता म्हणाल्या, "अहो, माझा गुडघा आता कुरकुरायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा खेळा, पुढचा बघू."

"बघू म्हणाले ना?"

"बघू म्हणाले. पण कसं म्हणाले ते मी ऐकलं." काकूंनी बूट खाली ठेवला. "एकदा आपण दोघं बरोबर खाली आलो असतो ना, तर बरं झालं असतं. एकदाच. मग मी खुशाल घरी बसेन."

 त्या क्षणी काकांनी मनात पेन्सिलीला टोक केले.

फळी आली ती साडूकडून. साडूने नवी घेतली होती, म्हणून जुनी दिली. काकांचे आणि साडूचे तीस वर्षांचे गोड वैर होते. साडू बांधकामाच्या वस्तू विकणारा, मोठ्या आवाजाचा, सगळ्या गोष्टी अंदाजाने करणारा, आणि वाईट म्हणजे त्या बरोबर आणणारा. काकांनी भिंतीवर मापून लावलेली फळी खाली पडे. साडूने डोळ्यांनी बघून ठोकलेला खिळा अजून सासऱ्यांच्या घरात टोप्या सांभाळत होता.

"साडूभाऊ," फळी सोफ्यावर टाकत साडू म्हणाला, "बाइंडिंगला हात लावू नका. कोन मी अगदी झकास बसवलेत. तुम्ही फक्त उभे राहा."

बाइंडिंग म्हणजे बूट धरून ठेवणारे ते दोन पट्टेवाले सांगाडे. त्यांच्या तळाशी एकेक चकती असते, चकतीला चार स्क्रू. स्क्रू सैल केले की सांगाडा फिरवता येतो, आणि पाय फळीवर कोणत्या कोनात राहणार ते ठरते. कोन! सगळ्या दुनियेत काकांना काही कळत असेल तर ते एवढेच, आणि तिथेच साडू म्हणत होता, हात लावू नका.

साडू जिना उतरला असेल नसेल, तोच काकांनी जाहीर केले, "साडूच्या कोनात मी उभा राहणार नाही."

"अहो, पायच तर ठेवायचेत," काकू म्हणाल्या.

"आज पाय. उद्या?"

 त्याच संध्याकाळी काकांनी दोन्ही बाइंडिंग सोडवून वर्तमानपत्रावर मांडली. साडूने कितीतरी हिवाळे ही फळी वापरली होती, त्यामुळे बाइंडिंगखालचा भाग तेवढा गडद आणि भोवतालचा रंग उडालेला होता. साडूच्या पायांचा जणू ठसाच. काकांनी तो रॉकेलने घासला, मग भांड्यांच्या पावडरीने घासला, मग रुसून घासला. ठसा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयातून या विषयावरचे एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यात पहिल्याच प्रकरणात लिहिले होते की डावा पाय पुढे ठेवून जाणारे ते रेग्युलर, आणि उजवा पाय पुढे ठेवणारे ते गूफी. काकांनी शब्दकोश काढला. गूफी म्हणजे बावळट, वेडगळ. त्यांनी साडूच्या ठशाकडे पाहिले. पुढचा पाय उजवा.

काका इतके हसले की काकू पीठ भरल्या हातांनी बाहेर आल्या.

"तीस वर्षं मी सांगतोय! तीस वर्षं! आता पुस्तकातच आलं."

"अहो, ते पायांपुरतं म्हणत असतील."

"सुरुवात पायांपासूनच होते," काका म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी जेवताना दोनदा वाढून घेतले.

पण पुढच्याच पानावर घोटाळा होता. आपला पुढचा पाय कोणता हे माणसाला स्वतःला ठरवता येत नाही, असे पुस्तक म्हणत होते. कोणीतरी आपल्याला बेसावध असताना मागून हलकेच ढकलावे. तोल सावरायला जो पाय आधी पुढे पडेल, तो पुढचा. काकांनी काकूंना विनंती केली. काकू म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्या वर्षी सांगितलं असतंत तर आनंदाने केलं असतं." तरी त्यांनी ढकलले. उजवा पाय पुढे पडला.

"तू डाव्या बाजूने जास्त जोर लावलास," काका म्हणाले.

जिन्यात दातांचे डॉक्टर भेटले. हा गृहस्थ दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालत असल्यामुळे त्याला संध्याकाळी बोलायला फार आवडे. काकांनी अडचण सांगितली. डॉक्टर म्हणाले, "असं होय? त्यात काय एवढं? या, चहा घ्या." काका वळले आणि डॉक्टरांनी ढकलले. उजवा पाय.

"उजवा!" डॉक्टर आनंदाने ओरडले.

"पायरी उजवीकडे झिजलीय," काका म्हणाले.

इथून पुढे गोष्ट काकांच्या हातात राहिली नाही. डॉक्टरांनी हा प्रयोग इमारतभर सांगितला, आणि ज्या माणसाने वर्षानुवर्षे सगळ्यांच्या गॅलऱ्यांतल्या कुंड्या सरळ रेषेत नाहीत असे ऐकवले होते, त्याला मागून ढकलायची परवानगी आहे म्हटल्यावर लोकांच्या अंगात उत्साह संचारला. काका कचरा टाकायला गेले की कोणीतरी ढकली. पाव आणायला गेले की बेकरीच्या दारात कोणीतरी ढकली आणि रस्त्यापलीकडून दुसरे कोणी विचारी, "कुठला आला?" तळमजल्यावरच्या शिंप्याने तर पाठीवर दोन्ही हात ठेवून, "माफ करा हं," म्हणून ढकलले, यात बेसावधपणा कुठे राहिला? सेक्रेटरींनी त्यांना लिफ्टच्या दारात ढकलले तेव्हा काका थेट लिफ्टमधल्या एका अनोळखी बाईच्या पिशवीवर जाऊन पडले. पिशवीत अंडी होती. तिथेही पुढे उजवाच पाय पडला होता. अंड्यांनी साक्ष दिली.

शेवटी सूचनाफलकावर सेक्रेटरींच्या सहीने सूचना लागली की जिन्यात, लिफ्टजवळ व सामाईक जागेत सभासदांनी एकमेकांना ढकलू नये. सगळ्यात जास्त ढकलले होते ते सेक्रेटरींनीच.

काकांनी निर्णय घेतला. "मी रेग्युलर आहे."

"सगळ्यांच्या पुढ्यात उजवा पडला की हो," काकू म्हणाल्या.

"तो धक्क्याचा पाय. मी म्हणतोय तो विचाराचा पाय."

मग दोन पायांमधल्या अंतराचा प्रश्न आला. पुस्तक म्हणे, साधारण खांद्यांच्या रुंदीएवढे. काका शिंप्याकडे गेले. शिंप्याने फीत लावली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "काका, उजवा खांदा उतरलाय. पॅड घालून देऊ का?"

"मला कोट नको, अंतर हवंय."

"अंतर कोटाचंच बघतो ना आम्ही. डोंगरासाठी निराळं नाही बघत."

डॉक्टरांचे मत पडले की अंतर जबड्यावर अवलंबून असते, कारण माणूस घाबरला की दात आवळतो आणि दात आवळले की गुडघे जवळ येतात. सेक्रेटरी म्हणाले की अंतर काहीही ठेवा, पण माझ्या डोक्यावर ठेवू नका. कारण काका आता रोज दिवाणखान्यात फळीवर उभे राहून गुडघे वाकवून बघत होते, आणि सेक्रेटरींच्या घरातला दिवा दर वाकण्याबरोबर डोलत होता. एकदा काकांचा तोल गेला. त्यांनी आधाराला पडदा धरला, पडद्याने दांडी धरली, दांडीने भिंतीवरचे कचेरीचे घड्याळ बरोबर आणले. पडता पडताही काकांच्या लक्षात आले की पडदा एका बाजूला आखूड शिवलाय.

आता कोन. इथे मात्र काकांनी कोणाचे ऐकले नाही. पुस्तकात शिकणाऱ्यासाठी पुढचा पाय पंधरा अंश, मागचा उलट्या बाजूला नऊ, असे काहीसे दिले होते. चकतीवर कारखान्याच्या खुणा होत्याच. काकांनी त्या भिंगातून पाहिल्या आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"अगं, इकडे ये. कारखान्याची चूक सापडली."

"कसली?"

"शून्य आडवं धरलंय! फळीच्या आडवं! कोन नेहमी मधल्या रेषेपासून मोजतात. मी पाइपच्या मधल्या रेषेवर शून्य धरून सगळं शहर काढलं. आडवं धरलं असतं तर आज तुझ्या नळाला पाणी आलं असतं?"

काकूंनी नळाकडे पाहिले. पाणी येत होते. अशा माणसाशी काय वाद घालणार?

काकांनी कारखान्याच्या खुणा बाद केल्या, पितळी कोनमापक फळीच्या मधल्या रेषेवर ठेवला, आणि तिथून पंधरा अंश काढून बाइंडिंग फिरवले. नऊचेही तसेच. परिणाम असा झाला की दोन्ही बुटांची तोंडे फळीच्या टोकाकडे झाली, एकामागे एक, कुंपणाच्या भिंतीवरून चालणाऱ्या मांजरासारखी.

"पाय जरा… जास्तच पुढे नाही का झाले?" काकूंनी चाचरत विचारले. "माझे आडवे असतात."

"तुझी फळी भाड्याची. भाड्याच्या वस्तूला अचूकपणा नसतो."

 खरे तर काकूंनी तेव्हा गप्प बसायला नको होते. पण ड्राफ्ट्समनच्या बायकोला इतक्या वर्षांत एक सवय लागलेली असते.

फळी तयार झाली आणि काका टेकडीवर गेले, तर पायथ्याशी तपासणीची खिडकी होती. स्वतःची फळी आणणाऱ्याने ती आधी या खिडकीत दाखवायची. आत कानटोपी घातलेला एक माणूस बसलेला. तो स्क्रू घट्ट आहेत का ते बघे आणि दोन्ही चकत्यांवर एकेक गोल चिकटपट्टी लावी. ती असल्याशिवाय टेकडीवर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टमध्ये सोडत नसत.

"कोन बघा ना," काका उत्सुकतेने म्हणाले. आपले काम जाणकाराने बघावे असे त्यांना फार वाटत होते.

"कोन आमच्या खात्यात येत नाही," खिडकीवाला म्हणाला. "आम्ही फक्त घट्ट आहे का ते बघतो. फळी कोणाच्या नावावर आहे?"

फळी साडूच्या नावावर होती. साडूने स्वतः येऊन सांगितल्याशिवाय चिकटपट्टी मिळणार नव्हती.  पुढच्या रविवारी साडू आला, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हो हो, माझीच फळी! मीच दिली! आमच्या साडूभाऊंना या वयात शिकायचंय!" रांगेने मागे वळून काकांकडे कौतुकाने पाहिले. कौतुकासारखी बोचरी गोष्ट दुसरी नाही. काकांनी फळी जुन्या चादरीत गुंडाळून आणली होती, आणि साडूची पाठ वळेपर्यंत ती सोडली नाही.

चिकटपट्टी लागेपर्यंत त्या दिवसाची लिफ्ट बंद झाली, आणि ती लागली नेमकी स्क्रूंवर. काकांनी घरी येऊन सहज कोनमापक लावून पाहिला तर मागचे बाइंडिंग अर्धा अंश सरकलेले. स्क्रू सैल करायचे तर चिकटपट्टी फाटणार. काका रात्रभर तळमळले आणि सकाळी त्यांनी ती फाडली. पुढच्या रविवारी पुन्हा खिडकी. त्याच्या पुढच्या रविवारी पाव अंश. खिडकीवाला आता काकांना ओळखू लागला होता. "आज काय, आजोबा? फळी की तब्येत?" असे तो विचारी. काकू बहिणीबरोबर वर जात, खाली येत, पुन्हा वर जात. वरून त्यांना रांगेतली काकांची टोपी दिसे. त्या हात हलवत. काकांच्या हातात फळी आणि चादर असे, त्यामुळे त्यांना हात हलवता येत नसे.

असे करता करता हिवाळा उतरणीला लागला. टेकडीच्या कडेने मातीचे पट्टे दिसू लागले. लिफ्टच्या दारावर पाटी लागली की येत्या रविवारनंतर बंद. त्या आठवड्यात काकू जिना चढताना मधेच थांबून कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "काही नाही, उगीच," म्हणाल्या. काकांनी ते पाहिले, आणि त्या आठवड्यात त्यांनी कोनमापक खिशाबाहेर काढला नाही.

शेवटच्या रविवारी ते चिकटपट्टी शाबूत ठेवून टेकडीवर पोचले. फळी काखेत मारून खुर्चीच्या लिफ्टने काकूंबरोबर वर गेले. वर वारा होता. काकूंनी त्यांच्या बुटांचे पट्टे आवळून दिले आणि म्हणाल्या, "मी माझे आवळते. थांबा हं. बरोबर जायचंय."

"बरोबर," काका म्हणाले.

पण फळी थांबायला तयार नव्हती. तिचे टोक उताराकडे होते, काकांचे पाय टोकाकडे होते, आणि काकांचे तोंड पायांकडे होते. सगळे एका रेषेत आले होते. पाइपलाइनला याहून काय हवे असते? काका निघाले.

आडवे उभे राहिले म्हणजे टाचेवर किंवा चवड्यावर भार देऊन फळी वळवता येते, थांबवता येते. एकामागे एक पाय ठेवले म्हणजे काहीच येत नाही; फक्त जाता येते. काका गेले. मुलांच्या वर्गामधून गेले, तेव्हा शिकवणारी बाई ओरडली, "गुडघे! गुडघे वाकवा!" काकांना वाटले, वाकवायला ते जागेवर आहेत की मागे राहिले ते आधी बघायला हवे. साडू एका वळणावर छाती काढून फोटोसाठी उभा होता आणि मेहुणी फोटो काढत होती. दोघांच्या मधून काका गेले. पुढे त्या फोटोत साडूच्या पोटासमोर एक करडा पट्टा आला. तो फोटो काकांनी कपाटामागे न ठेवता भिंतीवर लावला, वाकड्या भिंतीवर.

शेवटी पायथ्याला लावलेल्या नारिंगी जाळीने त्यांना धरले. जाळीच्या मागेच तपासणीची खिडकी होती. काका जाळीत उताणे आणि फळीचे टोक खिडकीच्या कट्ट्याला टेकलेले. कानटोपीवाल्याने बाहेर डोकावून पाहिले.

"तपासणी झालीय का?" त्याने विचारले.

साडू मागोमाग आला. त्याने आधी काकांची हाडे चाचपली, हे मान्य करायला हवे. मग त्याची नजर बाइंडिंगवर गेली. "अरे देवा! साडूभाऊ, हे काय केलंत? शून्य आडवं असतं हो! आडव्यापासून मोजायचं! सगळं जग आडव्यापासून मोजतं!" आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याने जाळी धरली आणि जाळीबरोबर काकाही हलू लागले.

काका सुटले, उठले, टोपी झटकली आणि बाकावर जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे शून्य चुकले होते. "मी घरी जातो," ते म्हणाले.

तेवढ्यात काकू आल्या. गुडघा जपत, हळू, आडव्या घसरत. त्यांनी साडूकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले. "तुम्ही दोघं जरा सगळ्यांना चहा घेऊन या. सावकाश या."

"ताई, पण भावोजींना लागलं तर नाही ना?" मेहुणीने विचारले.

"लागलंय ते चहाने बरं होईल. जा."

ते गेल्यावर काकू काकांसमोर उभ्या राहिल्या. "उठा."

"कशाला? माझं चुकलं. मोजण्यातच चुकलं."

"उठा म्हणते ना. इथे उभे राहा. बस यायची आहे असं समजा."

काका उभे राहिले. काकूंनी त्यांच्या पायांकडे बोट केले. "बघा."

पायांची टोके दोन बाजूंना फाकलेली होती, डावा जरा कमी, उजवा जरा जास्त. बदकासारखी. काकांनी हे स्वतः कधी पाहिले नव्हते. उभे राहताना खाली बघायची सवय त्यांना नव्हती.

"कचेरी सुटायची तेव्हा मी समोरच्या थांब्यावर उभी असायची," काकू म्हणाल्या. "दारातून सगळे एकदम बाहेर पडायचे. सगळ्यांचे कोट काळे, सगळ्यांच्या काखेत तीच नकाशांची नळकांडी. तोंडं दिसायचीच नाहीत. मी पाय बघायची. हे असे पाय त्या गर्दीत दुसरे नव्हते. आणि रस्ता ओलांडायला पहिला कुठला पाय पुढे पडायचा, ठाऊक आहे? उजवा. दर वेळी उजवा."

"त्याला गूफी म्हणतात," काका हळूच म्हणाले.

"म्हणू देत. माझ्याकडे आला तो पाय. तुमच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर आहे ना?"

काकूंनी चिकटपट्ट्या फाडल्या, बाइंडिंगची अदलाबदल केली, काकांना बूट घालून बर्फावर ठेवलेल्या फळीवर नुसते उभे केले आणि बुटांच्या कडेने बोटाने रेघा ओढल्या. कोनमापक त्यांनी मागितला नाही. काकांचा हात खिशाकडे गेला होता. तो त्यांनी परत आणला. चकत्या फिरल्या, स्क्रू आवळले गेले. आणि मग दोघेही वाकल्या वाकल्या तसेच थांबले.

दोन्ही बाइंडिंग साडूच्या ठशावर बसली होती. कुठे केसभर इकडे नाही की तिकडे नाही. रॉकेलने न गेलेला तो गडद आकार त्यांच्याखाली पुरता झाकला गेला होता, जणू ती कधी काढलीच नव्हती.

काकांनी काकूंकडे पाहिले. काकू हातमोज्यावरचा बर्फ झटकत होत्या. फार वेळ झटकत होत्या.

"तू काही पाहिलंस?" काकांनी विचारले.

"मी? नाही बाई. माझा चष्मा धुक्याने भरलाय."

खिडकीवाल्याने मात्र बोट उगारले. "चिकटपट्टी फाडलीत. पुन्हा मालकाला बोलवा. आणि आता पाच मिनिटांत खिडकी बंद."

"साहेब," काकू गोड आवाजात म्हणाल्या, "कोन तुमच्या खात्यात येत नाही ना?"

"नाही."

"आम्ही फक्त कोन फिरवलाय. घट्टपणा तुमचा आहे तसाच आहे. हलवून बघा."

खिडकीवाल्याने हलवून पाहिले. तो विचारात पडला. त्याच्या खात्यात विचार येत होता की नाही कोण जाणे, पण हिवाळ्याच्या शेवटच्या दिवशी त्याच्याकडे दोन चिकटपट्ट्या उरल्या होत्या. त्याने त्या लावल्या.

ते शेवटच्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीतून वर गेले. वर पोचल्यावर काकू त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले. "टाचेवर बसल्यासारखं करा. खाली बघू नका, माझ्याकडे बघा." काका आडवे झाले. फळीने बर्फ खरवडला आणि चक्क थांबली. मग हातभर सरकली, पुन्हा थांबली. काका वाटेत कितीदा तरी बसले. दर वेळी काकूही बसल्या, कारण हात सुटत नव्हते. मुलांचा वर्ग त्यांना ओलांडून गेला. शिकवणारी बाई ओरडली नाही. एके ठिकाणी काका न पडता बरेच आले आणि त्यांच्या तोंडून असा काही आवाज निघाला की काकू हसू लागल्या. तेच ते जिन्यातले हसणे. या वेळी काकांना विनोद ठाऊक होता, कारण विनोद ते स्वतःच होते, आणि ते पोटभर हसले.

खाली साडू चहाचे पेले घेऊन उभा होता. त्याचे तोंड उघडेच होते.

"वा, साडूभाऊ! जमलं की! आणि उजवा पाय पुढे? मग शेवटी कोन किती ठेवलात?"

काकांनी आयुष्यात कधी माप खोटे सांगितले नव्हते. त्यांचे ओठ हलले, कान लाल झाले. साडू पेला हातात धरून फळी बघायला वाकू लागला.

काकांनी गळ्यातला मफलर ओढला आणि फळीवर टाकला.

"ते आमचं घरचं आहे," काकू म्हणाल्या, आणि त्याच्या हातातला चहा घेऊन त्यांनी आधी काकांना दिला.